कोल्ड रूम सांभाळताना या चुका टाळा

कोल्ड रूम म्हणजे लॅबचे किट आणि नमुने थंड ठेवायची खोली. तिच्या दाराबाहेरच्या डिस्प्लेवर ४ अंश दिसले की आपण निर्धास्त होतो. पण तो आकडा फक्त सेन्सरजवळच्या हवेचा असतो. आमच्या लॅबमध्ये वरच्या रॅकवर, पंख्याच्या अगदी तोंडाशी एलायझा या तपासणीच्या किटचे खोके ठेवले होते. डिस्प्ले ४ दाखवत होता आणि किटमधल्या कॉन्जुगेट नावाच्या द्रावणाच्या बाटलीत बर्फाचे कण तरंगत होते. 'गोठवू नका' असे त्याच खोक्यावर छापले होते. सगळे किट टाकून द्यावे लागले, त्याची चुटपुट अजून जात नाही.

तेव्हापासून पंख्यासमोरची जागा आम्ही रिकामी सोडतो. माल भिंतीला चिकटवत नाही, जमिनीवर ठेवत नाही. कोपऱ्यांत, दाराशी आणि वरच्या रॅकवर डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारे यंत्र) ठेवून २ ते ८ अंशांत कोणती जागा बसत नाही ते पाहून घ्या. लॉगरचा प्रोब (तापमान मोजणारे टोक) ग्लायकॉल या द्रवाच्या बाटलीत बुडवा, म्हणजे दार उघडल्याबरोबर आकडा उडी मारणार नाही.

तापमान चढू लागले की पुष्कळ जण सेटिंग आणखी खाली आणतात. तसे करू नका. आधी कॉइल, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या, बघा. पावसाळ्यात दमट हवा आत शिरते, कॉइलवर बर्फ धरतो आणि हवा फिरेनाशी होते. तो बर्फ स्क्रूड्रायव्हरने खरवडायचा नाही, नळीला भोक पडले तर थंड करणारा गॅसच जातो. डीफ्रॉस्ट करा, म्हणजे बर्फ वितळू द्या, आणि वितळलेले पाणी बाहेर नेणारी नळी तुंबलीय का तपासा. मग दाराचे रबर: दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर ढिले आहे. बाहेरच्या कंडेन्सरवरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावरची) धूळही झाडा.

थंडीत ठेवले की नमुना टिकतोच असे नाही. सीरम (रक्तातला पातळ द्रव) वेगळे न केलेले रक्त आत राहिले तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येते आणि रिपोर्ट खोटा वाढलेला येतो. त्यावर रुग्णाचे उपचार ठरतात! ब्लड कल्चरच्या (रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या) बाटल्याही इथे ठेवायच्या नाहीत.

आणि कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, बंद कोल्ड रूममध्ये कधीही साठवू नका. त्याचा वायू होऊन तो आत कोंडतो, माणूस गुदमरतो. दार आतून उघडायचा खटका चालतो का, हे दर आठवड्याला स्वतः आत जाऊन बघा. त्या वेळी बाहेर कुणीतरी उभे असू द्या.