उत्तर १ आलं? मग ०१ रंगवा

घणसोलीत माझ्याकडे आठवी ते अकरावीची काही मुलं आयओक्यूएमच्या, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या टप्प्यातल्या परीक्षेच्या, तयारीला येतात. ३ तास, ३० प्रश्न, १०० गुण. पर्याय नाहीत, उत्तर ०० ते ९९ मधली पूर्ण संख्या, ती ओएमआरवर म्हणजे गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर भरायची. उणे गुणही नाहीत, त्यामुळे गोळे कोरे सोडणं हा निव्वळ आळस.

मुलं अडतात ती भलतीकडेच. परवा एक गणित दिलं: ७ च्या २०२४ व्या घाताचे शेवटचे दोन अंक कोणते? एका मुलीनं झटकन ७, ४९, ३४३, २४०१ असं लिहून काढलं. चौथ्या घाताला शेवटी ०१ येतात आणि २०२४ ला ४ नं भाग जातो, म्हणजे उत्तर १. अगदी बरोबर! ओएमआरवर मात्र तिनं दशकाच्या रांगेत १ रंगवला आणि एककात ०. झाले १०. पाच गुणांचा प्रश्न असता तर पाचही गेले असते.

म्हणून सरावाला बसतानाच ओएमआरची झेरॉक्स घ्या, पाच-दहा रुपयांत काम होतं. उत्तर आलं की आधी वहीत दोन अंकी लिहायचं, मग गोळे. सगळे गोळे शेवटच्या दहा मिनिटांसाठी ठेवू नका, तेव्हा हात थरथरतात.

जुने पेपर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. हे केंद्र वाशीचा पूल ओलांडला की मानखुर्दला, पण पेपरांसाठी तिथवर जायची गरज नाही.