कर्जासोबत गळ्यात मारलेल्या इन्शुरन्सचे पैसे परत कसे मागायचे

माझ्या चुलतभावाने, म्हणजे आमच्या दादाने, सांगलीत फ्लॅट घेतला. १८ लाखांचं होम लोन, २० वर्षं, साडेआठ टक्के. वहिनीने हप्ता आधीच काढून ठेवला होता, १५,६२१ रुपये, आणि खात्यातून कापले गेले १६,१४२. पाचशे रुपयांचा फरक म्हणून दादा सोडून देणार होता, पण वहिनी बँकेत गेली आणि लोनचं स्टेटमेंट घेऊनच आली. त्यात पैसे सुटले त्याच तारखेला खाली एक बारकी ओळ होती, इन्शुरन्स प्रीमियम ६०,००० रुपये. म्हणजे लोन १८ लाखांचं नव्हतंच, १८ लाख ६० हजारांचं होतं, आणि त्या साठ हजारांवरही वीस वर्षं व्याज. महिना ५२१ रुपये गुणिले २४० हप्ते, सव्वा लाख रुपये होतात हो!

बँकेत विचारलं तर उत्तर, "सर ते कंपल्सरी असतं, तुम्ही सही केलीय की." सही केली होती हे खरं. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या चाळीसेक ठिकाणी सह्या केल्या होत्या, त्यातली एक ही.

ते साठ हजार आम्ही परत मिळवले. त्यात जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो, कारण असं ज्यांच्या बाबतीत झालंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आपण इन्शुरन्स घेतलाय हेच माहीत नसतं.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कर्ज मिळण्यासाठी बँकेकडूनच लाइफ इन्शुरन्स घेतला पाहिजे असा कुठलाही नियम नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली, त्यात स्पष्ट आहे की एक सेवा देताना दुसऱ्या कंपनीचं प्रॉडक्ट घ्यायची सक्ती करायची नाही. गाडीचा थर्ड पार्टी विमा वेगळा, तो कायद्यानेच लागतो. घराच्या इमारतीचा आगीबिगीचा विमा बँक करारात मागू शकते, तोही वेगळा. आपण बोलतोय ते तुमच्या जिवावरच्या, आजारपणावरच्या किंवा अपघातावरच्या पॉलिसीबद्दल, जी लोनला चिकटवून दिली जाते.

पहिलं काम, कागद गोळा करा. सँक्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र), लोनचं पूर्ण स्टेटमेंट, आणि की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाचे दर आणि सगळे चार्जेस एका जागी दाखवणारा कागद. हे शेवटचं फार कामाचं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल कर्जांना ते द्यावंच लागतं, आणि ग्राहकाला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं, म्हणजे तुम्ही मराठीत मागू शकता. इन्शुरन्ससारखे दुसऱ्या कंपनीसाठी कापलेले पैसे त्यात वेगळे दाखवावे लागतात आणि त्याची पावती द्यावी लागते. त्यात जो चार्ज लिहिलेलाच नाही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तेव्हा त्या कागदात प्रीमियमची ओळ नसेल तर तुमची बाजू तिथेच भक्कम झाली.

मग पॉलिसी शोधा. बहुतेक वेळा ती ग्रुप पॉलिसी असते, मास्टर पॉलिसी बँकेच्या नावावर आणि तुम्हाला फक्त सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स. ते ईमेलवर येऊन पडलेलं असतं, स्पॅममध्येसुद्धा बघा, दादाचं तिथेच सापडलं. त्यावर कंपनीचं नाव, सर्टिफिकेट नंबर, प्रीमियम, नॉमिनी आणि मुदत असते. मुदत नीट वाचा बरं का, कारण कर्ज २० वर्षांचं आणि कव्हर फक्त ५ वर्षांचं असे प्रकार सर्रास होतात. आणि तब्येतीचं डिक्लेरेशन काय भरलंय तेही बघा. शुगर किंवा बीपीची गोळी चालू असताना कोणीतरी परस्पर "काही आजार नाही" असं टिक केलं असेल, तर उद्या क्लेमच्या वेळी घरच्यांना त्रास होऊ शकतो. पैसे गेलेच आणि संरक्षणही नाही, ही या सगळ्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

आता तारीख बघा. पॉलिसीचा कागद तुमच्या हातात किंवा ईमेलवर आल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो. या काळात कारण पटवत बसावं लागत नाही, नको म्हटलं की रद्द. त्यातून जितके दिवस कव्हर होतं तितक्या दिवसांचा प्रीमियम, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि स्टॅम्प ड्युटी एवढंच कापतात, बाकी परत. (पूर्वी साधारण १५ दिवस असायचे, २०२४ च्या नियमांनी ३० झाले.) आमच्याकडे तेव्हा ११ दिवस उरले होते.

पण थांबा, रद्द करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. घरात कमावणारे तुम्ही एकटेच आणि दुसरा कुठलाही टर्म प्लॅन (मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा साधा जीवन विमा) नाही, असं असेल तर आधी वेगळी टर्म पॉलिसी काढा, ती हातात येऊ द्या, मग ही रद्द करा. आणि तब्येतीमुळे नवी पॉलिसी मिळणं अवघड असेल तर आजार खरा सांगून हीच चालू ठेवणं कदाचित शहाणपणाचं ठरेल. इन्शुरन्स वाईट नसतो, न विचारता गळ्यात मारणं वाईट. दुसरं म्हणजे सँक्शन लेटरमध्ये "विमा घेतल्यास व्याजदरात सवलत" असं काही लिहिलंय का ते वाचा, असेल तर रद्द केल्यावर दर थोडा वाढू शकतो, मग दोन्हीचा हिशोब घालून ठरवा.

ठरलं की लेखी द्या, फोनवर बोलून काहीही होत नाही. दोन ठिकाणी ईमेल करा, इन्शुरन्स कंपनीला आणि बँकेच्या तक्रार विभागाला, शिवाय एक छापील प्रत ब्रँचमध्ये देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर रजिस्टर्ड एडी ने पाठवा. आमचं पत्र साधारण असं होतं:

"लोन खाते क्रमांक अमुक. दि. अमुक रोजी माझ्या कर्जात ६०,००० रुपये विमा प्रीमियम जोडण्यात आला. हा विमा कर्जासाठी सक्तीचा आहे असे मला तोंडी सांगण्यात आले. सर्टिफिकेट क्रमांक तमुक मला दि. तमुक रोजी ईमेलने मिळाले. फ्री लूक कालावधीत मी ही पॉलिसी रद्द करत आहे. परतावा कर्जाच्या मुद्दलात जमा करावा, या रकमेवर आकारलेले व्याज परत करावे आणि सुधारित हप्त्याचे वेळापत्रक द्यावे."

शेवटचं वाक्य विसरू नका. बरेच जण नुसते प्रीमियमचे पैसे मागतात आणि मधल्या काळातलं व्याज तसंच राहतं.

३० दिवस उलटून गेले असतील तरी सोडू नका, फक्त आता कारण आणि पुरावा द्यावा लागेल. सक्तीचं आहे असं सांगितलं, विमा आहे हेच सांगितलं नाही, सही माझी नाही, कव्हरची मुदत चुकीची सांगितली, जे खरं असेल तेच लिहा. सोबत प्रपोजल फॉर्मची प्रत, संमतीचा पुरावा, ओटीपीची नोंद आणि व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंग मागा. त्या कॉलवर आपण घाईत सगळ्याला "हो हो" म्हणून मोकळे होतो आणि कंपनी नंतर तेच पुढे करते, म्हणून ते आधी स्वतः ऐका. लोन देणाऱ्या माणसाचे व्हॉट्सॅप मेसेज डिलीट करू नका. "इन्शुरन्स घेतल्याशिवाय फाइल पुढे जात नाही" असा एक मेसेज दहा पानांच्या तक्रारीपेक्षा जास्त बोलतो. आणि कर्ज मुदतीआधी फेडलं असेल किंवा दुसऱ्या बँकेत नेलं असेल तर उरलेल्या मुदतीचं काय मिळतं ते विचारा, एकरकमी प्रीमियमच्या पॉलिसीत बऱ्याचदा सरेंडर व्हॅल्यू (मुदतीआधी पॉलिसी सोडल्यावर परत मिळणारी रक्कम) निघते पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

कंपनी नाही म्हणाली किंवा गप्प बसली तर आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, फोन १५५२५५. तिथे टोकन नंबर मिळतो आणि कंपनीला उत्तर द्यावं लागतं. तरीही पटलं नाही तर विमा लोकपाल. कंपनीने नकार दिला असेल किंवा महिनाभर उत्तरच नसेल तर त्यानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते ऐकतात. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत.

बँकेच्या वागण्याबद्दलची तक्रार मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, त्यांच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, चौकशीसाठी १४४४८. आधी बँकेला लेखी तक्रार दिलेली हवी आणि ३० दिवस वाट बघितलेली हवी, नाहीतर अर्ज परत येतो. हाउसिंग फायनान्स कंपन्या सोडून बऱ्याच फायनान्स कंपन्यांचंही साधारण असंच. पतसंस्थेचं कर्ज असेल तर तो रस्ता नाही, तिथे सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जावं लागतं.

ग्राहक आयोग शेवटी ठेवा. दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि काही अडलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

"एवढ्याशा पैशासाठी कोण भांडतं" असं कोणी म्हणालं तर त्यांना ब्रिटनचं सांगा. तिथे कर्जासोबत असाच पीपीआय नावाचा विमा वर्षानुवर्षं खपवला गेला, साध्या साध्या लोकांनी पत्रं लिहून तक्रारी केल्या, २९ ऑगस्ट २०१९ ही शेवटची तारीख होती, आणि बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त परत करावे लागले.

आमचे पैसे साधारण महिन्याने आले, पण ते आधी बँकेच्या कुठल्यातरी मधल्या खात्यात जाऊन बसले होते. कंपनी म्हणे आम्ही पाठवले, ब्रँच म्हणे आमच्याकडे नाहीत. वहिनीने कंपनीकडून ट्रान्सफरचा यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) मागून घेतला आणि तो ब्रँच मॅनेजरच्या टेबलवर ठेवला, तेव्हा दोन दिवसात जमा झाले. म्हणून परतावा झाल्याचा मेसेज आला तरी लोनचं नवीन स्टेटमेंट काढा, मुद्दल खरंच कमी झालंय का बघा, पुढचा हप्ता किती कापला जातोय ते बघा, आणि पॉलिसी रद्द झाल्याचं पत्र लोनच्या फाइलमध्ये लावून ठेवा.