भुसावळहून दयारा बुग्यालला जाताना

आपलं भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर, उत्तराखंडातलं दयारा बुग्याल हे हिमालयातलं उंच गवताळ कुरण सुमारे ३,४०० मीटरवर. म्हणून विरळ हवेची सवय व्हायला रजा टाकतानाच मी पायथ्याच्या रैथल गावात एक दिवस जादा धरतो. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही. डोकं ठणकलं तर पुढे चढायचं नाही, वाढलं तर सरळ खाली उतरायचं. हे सोबत्यांशी गाडीत बसायच्या आधीच ठरवा. वर गेल्यावर कुणी ऐकत नाही.

तयारीला दोन महिने हवेतच. ऊन तापायच्या आत तापीकाठी चाला, रविवारी आठ किलोची सॅक घेऊन पाटणादेवीजवळचा कन्हेरगड चढा. नवे बूट इथेच वापरून रुळवा. पहिल्या खेपेला माझी टाच सोलून निघाली, मोजा रक्ताने चिकटला होता.

दसऱ्याच्या सुमारास जा. गवत सोनेरी झालेलं असतं, समोर बंदरपूंछचं हिमशिखर स्वच्छ दिसतं. रात्री मात्र पाणी गोठतं.

कुरणावर तंबू ठोकू नका. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली, आणि ते योग्यच झालं. ते गवत उगवायला फार वेळ लागतो.

दुधात मळलेल्या दशम्या दिल्लीपर्यंत पुरतात. वरसाठी गूळ-शेंगदाणे.