पबमध्ये लाइव्ह म्युझिक ठेवताय? या चुका टाळा

छोट्या पबमधली संगीताची संध्याकाळ फसली की खापर गाणाऱ्यावर फुटतं. खरं तर तोवर बरंच काही आधीच बिघडलेलं असतं: वार चुकलेला, कोपरा चुकलेला, स्पीकर भलत्या जागी. पबमध्ये लोक मुळात गप्पा मारायला येतात, गाणं त्यांच्यात जाऊन बसतं. हे ज्याला मान्य नाही त्याने हॉल भाड्याने घ्यावा.

कलाकार निवडताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चकचकीत व्हिडिओवर भाळणं. त्यातला आवाज स्टुडिओत पुन्हा भरलेला असू शकतो. मोबाइलवर एका दमात घेतलेलं, कुठेही न कापलेलं एक गाणं मागा. त्याहून बरं म्हणजे एखाद्या ओपन माइकला, म्हणजे कुणीही येऊन गाऊ शकतो अशा संध्याकाळी, जाऊन मागच्या टेबलावर बसा. सूर तर ऐकाच, पण केबल निघाली, माइक बंद पडला किंवा समोरचं टेबल हसतखिदळत बसलं की तो माणूस काय करतो तेही बघा. कुणी हिरमुसतो, कुणी ओरडून गायला लागतो, आणि कुणी आवाज खाली आणून पुढचं गाणं असं धरतो की गप्पा आपोआप थांबतात. हा तिसरा हाताशी ठेवा.

"तुमच्याबरोबर किती लोक येतील?" हा प्रश्न पबवाल्यांना फार आवडतो. मित्रमंडळी पहिल्यांदा येतात, दुसऱ्यांदा निम्मी येतात. त्याऐवजी गाण्यांची यादी मागा. ४५ मिनिटांचे दोन सेट म्हणजे साधारण २० ते २२ गाणी लागतात. "सगळं येतं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची यादी बारा गाण्यांवर संपते.

पैशांच्या बाबतीत ताकाला जाऊन भांडं लपवू नये. ठरावीक मानधन, तिकिटातला वाटा की फक्त टिप जार, हे आधीच बोला. "तुमची प्रसिद्धी होईल" हे मानधन नव्हे. यायची वेळ, दोन्ही सेटच्या वेळा, साउंड सिस्टीम कुणाची, पैसे कधी मिळणार, हे सगळं एकाच मेसेजमध्ये लिहून पाठवा. नंतरची निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

कलाकारांनाही एक सांगणं आहे. काम मागायला ऐन गर्दीच्या वेळी काउंटरवर जाऊ नका, दुपारी जा, आणि आधी एकदा तिथे श्रोता म्हणून बसून या. श्रोत्यांनी निघण्याआधी पबला फोन करून "आज बँड आहे की डीजे?" एवढं विचारावं, कारण पोस्टरवरचं "लाइव्ह म्युझिक" कधीकधी कराओके ट्रॅक निघतं.

वार कुठला?

"शनिवारीच ठेवू, गर्दी असते" हा सोपा विचार आहे, पण शनिवारी पब तसाही भरलेला असतो. संगीताने फरक पडतो तो रिकाम्या वारी. लंडनच्या केंटिश टाउनमधला टॅली हो हा तेव्हा जॅझचा पब होता. १९७१मध्ये एग्ज ओव्हर ईझी या अमेरिकन बँडने तिथे सोमवारची रात्र मागून घेतली, आणि लंडनच्या पबमधल्या रॉक संगीताच्या ज्या लाटेला पुढे पब रॉक म्हणू लागले तिची सुरुवात याच रात्रींपासून धरतात. मात्र वार ठरला की तो बदलू नका. दोन आठवडे लोक आले नाहीत म्हणून तिसऱ्या आठवड्यात बंद करणं, ही अधीरपणाची चूक फार जण करतात. एकाच कलाकाराला महिनाभर तोच वार द्या, म्हणजे लोकांच्या लक्षात राहतो.

कोपरा नव्हे, जागा

स्टेज बहुतेक वेळा उरलेल्या जागेत होतं: टॉयलेटच्या दाराशी किंवा काउंटरला चिकटून. काउंटरजवळ स्पीकर आला की ऑर्डर ऐकू येत नाही, बारटेंडर ओरडतो, गिऱ्हाईक ओरडतं, आणि गाणारा आवाज वाढवतो. मग रात्रभर ही चढाओढ चालते. स्टेज काउंटरपासून शक्य तितकं लांब घ्या. खोली लांबोळी असेल तर लांब भिंतीलगतही लावून पाहा, जास्त टेबलं जवळ येतात. जागा ठरवण्याआधी तिथे उभं राहून एक टाळी वाजवा. मागून झणझणीत पडसाद आला तर मागच्या भिंतीवर जाड पडदा हवा. टीव्ही तेवढा बंद करा, नुसता म्यूट नको. हलत्या चित्राकडे नजर जातेच.

शिट्टी आली की

माइक स्पीकरमधला आवाज पुन्हा उचलतो, तो वाढून स्पीकरमधून बाहेर पडतो आणि पुन्हा माइकमध्ये शिरतो. हे चक्र तुटलं नाही की कानठळ्या बसवणारी शिट्टी येते. डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्यावरून याला लार्सन इफेक्ट म्हणतात. पबमध्ये याचं पहिलं कारण ठरलेलं: छान दिसतं म्हणून मुख्य स्पीकर गाणाऱ्याच्या मागे ठेवलेले. ते माइकच्या रेषेपुढेच हवेत, आणि डोक्यांच्या वर. समोर उभ्या माणसांची अंगं वरचे सूर पिऊन टाकतात, त्यामुळे कमरेइतक्या उंचीच्या स्पीकरमधले शब्द दुसऱ्या रांगेलाही कळत नाहीत.

दुसरं कारण मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. १९६६पासून बाजारात असलेला शुअर एसएम५८ हा कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा, माइक आहे. तो पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर गाणाऱ्यासमोर सरळ, माइकच्या शेपटीच्या रोखाने ठेवायचा. सुपरकार्डिऑइड माइक मात्र अगदी मागून थोडं ऐकतो, त्याच्यासाठी मॉनिटर जरा बाजूला सरकवावा लागतो. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, की कालपर्यंत शांत असलेली सिस्टीम आज ओरडते.

गाणाऱ्याचा हातही बघा. जाळी मुठीत धरली की माइकची दिशा ओळखण्याची ताकद जाते. आणि तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, मग साउंड मिक्सरवरचा माणूस तेवढा गेन, म्हणजे माइकची संवेदनशीलता, वाढवतो, आणि शिट्टी तिथेच दबा धरून असते. उघड्या माइकची संख्या दुप्पट केली तरी शिट्टी येण्याआधीची जवळपास ३ डेसिबलची सवलत हातची जाते. वापरात नसलेला माइक म्यूट ठेवा. छोट्या खोलीत ड्रमला माइक लावायचा मोह तर टाळाच, ड्रम तसेही पुरेसे ऐकू येतात.

शिट्टी सुरू झाली की घाबरून मास्टर, म्हणजे सगळ्या आवाजाचं मुख्य बटण, खाली ओढू नका, सगळं गाणंच गडप होतं. शेवटी कुठला फेडर (मिक्सरवरची सरकती दांडी) हलवला ते आठवा आणि तोच माइक किंवा त्याचा मॉनिटर सेंड, म्हणजे मॉनिटरला जाणारा आवाज, जरासा खाली घ्या. आवाज बारीक, टोचणारा असेल तर संशयित बहुधा गाण्याचा माइक. घुमल्यासारखा जाड असेल तर अकूस्टिक गिटार. तिच्या भोकावर रबरी झाकण बसवलं की बरेचदा काम होतं.

साउंड चेक लोक येण्याआधी उरकायचा, नंतरचा चेक म्हणजे वरातीमागून घोडं. रिकाम्या खोलीत आवाज जास्त खणखणीत वाटतो हे लक्षात ठेवा. लोक भरल्यावर मिक्सरवाल्याने एकदा खोलीभर फिरून यावं आणि नुसता व्हॉल्यूम न चढवता शब्द कुठे हरवतात ते ऐकावं.

घूं घूं आणि खरखर

सलग घूं घूं असेल तर ती विजेच्या वारंवारतेची, म्हणजे देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. कारण बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे जोडलेली उपकरणं वेगवेगळ्या वाटांनी अर्थ झाल्याने तयार होणारं चक्र. मिक्सर, अँप आणि स्पीकर एकाच सर्किटवरून घ्या, फ्रिज आणि डिमर दुसऱ्यावर ठेवा. गिटार किंवा कीबोर्डची साधी केबल सहा मीटरपेक्षा लांब ओढण्याऐवजी डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल लांब केबलला जुळेल असा करणारी छोटी पेटी) लावा आणि त्यावरचं, केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घूं घालवणारे महाभाग असतात. त्यांना हात लावू देऊ नका, धातूचा माइक ओठांना लागलेला असतो, शॉक थेट तिथेच बसतो. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर लोडखाली तापते. खरखर मात्र बऱ्याचदा अर्धवट घुसलेला जॅक असतो. आधी केबल बदलून पाहा, मिक्सर उघडायचं नंतर.

आवाज किती

अमेरिकेच्या नियॉश या, कामाच्या जागेवरील आरोग्य-सुरक्षेच्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम चालतं, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ला एक तास, १००ला पंधरा मिनिटं. गिऱ्हाईक उठून जाऊ शकतं, वेटर आणि बारटेंडर तिथेच उभे असतात. दोन सेटमध्ये शांतता ठेवा आणि त्यांच्याजवळ इअरप्लग असू द्या.

शेजाऱ्यांची तक्रार गाण्याबद्दल क्वचितच असते, ती बेसबद्दल असते. ५० हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते, भिंतीवरच्या फोमला ती जुमानत नाही. स्पीकर कोपऱ्यात ठेवला की बेस आणखी फुगतो, म्हणून तो भिंतींपासून सोडवा आणि गाण्याच्या माइकवर ८० ते १०० हर्ट्झखालचं फिल्टरने कापा. दार सतत उघडं राहत असेल तर बाकी सगळं व्यर्थ. पहिल्या कार्यक्रमाआधी शेजाऱ्यांना संपायची वेळ सांगून ठेवा आणि ती पाळा.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. दुसऱ्यांची गाणी जाहीरपणे वाजवायला सहसा परवाना लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो जागा चालवणाऱ्याने घ्यायचा असतो. भारतात आयपीआरएस, ब्रिटनमध्ये पीआरएस, अमेरिकेत अ‍ॅस्कॅप आणि बीएमआय अशा संस्था तो देतात. सेटच्या मध्ये मोबाइलवरून गाणी लावत असाल तर स्ट्रीमिंग अ‍ॅपचं वैयक्तिक सबस्क्रिप्शन धंद्याच्या जागेला चालत नाही. कलाकाराचे पैसे त्याच रात्री, वाद्यं गाडीत चढायच्या आत द्या, आणि पुढची तारीख तेव्हाच ठरवून टाका.