नुसत्या ‘हिप फ्रॅक्चर’वर भागत नाही
ऐरोलीत बसून अमेरिकन हॉस्पिटलांचे चार्ट कोड करते, म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून प्रत्येक निदानाला आयसीडी-१०-सीएम यादीतला कोड देते. हिपच्या केसेस वारंवार अडायच्या, कारण डिस्चार्ज समरीत फक्त ‘पडल्याने डावं हिप फ्रॅक्चर’ एवढंच. मोडलं कुठे, फीमरच्या (मांडीच्या हाडाच्या) मानेत की तिच्या खालच्या इंटरट्रोकॅन्टेरिक भागात? ते सर्जनच्या ऑपरेशन नोटमध्ये मिळतं, म्हणून आता आधी तीच उघडते. डावं, इंटरट्रोकॅन्टेरिक, सरकलेलं, बंद फ्रॅक्चर (त्वचा न फाटलेलं), उपचार चालू: एस७२.१४२ए. सरकलंय की नाही हे कुठेच लिहिलं नसेल, तर नियमानुसार सरकलेलं धरायचं.

खरी मेख ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची. आजी बाथरूममध्ये घसरल्या आणि जुन्या नोंदींत हा आजार दिसला, तर थांबा. एवढ्याशा पडण्याने निरोगी हाड मोडलं नसतं, अशा वेळी एस७२ (इजेमुळे झालेलं फ्रॅक्चर) नाही, एम८० (ऑस्टिओपोरोसिसमुळे झालेलं फ्रॅक्चर) लागतो. ते वैद्यकीय मत आहे, आपण परस्पर ठरवायचं नाही. मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, पाठवते. समरी आणि जुनी नोंद दोन्ही समोर ठेवते, आणि ‘फ्रॅक्चरचं कारण स्पष्ट कराल का?’ एवढंच विचारते. उत्तर सुचवत नाही. या क्वेरीने अडलेल्या केसेस सुटायला लागल्या.

फॉलोअपला हाड नीट जुळत असेल तर शेवटच्या ‘ए’च्या जागी ‘डी’. जुळलंच नाही तर ‘के’.