जुना डिजिटल सिंथ सेकंडहँड घेताय? मग आधी हे बघा

डीएक्स७ घेऊ, डी-५० घेऊ की एम१, असं या तीन जुन्या सिंथेसायझर कीबोर्डबद्दल कोणी विचारलं की मी आधी विचारतो, वाजवणार काय? तिन्ही जपानी, तिन्ही ६१ कीजचे, पण आवाज बनवायची पद्धत प्रत्येकाची वेगळी, नुसता भाव बघून तुलना केली की फसलात.

यामाहा डीएक्स७, १९८३चा. सँपल (रेकॉर्ड केलेला खरा आवाज) वगैरे काही नाही, ६ ऑपरेटर, म्हणजे साधी ध्वनिलहर बनवणारे भाग, एकमेकांची लहर बदलतात आणि त्यातून तो काचेसारखा इलेक्ट्रिक पियानो, घंटा, टणक बेस निघतो. माझा सगळ्यात लाडका हाच, कारण एखादी की जोरात दाबली की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. पण आत रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा) नाही आणि स्प्लिट, म्हणजे कीबोर्डच्या दोन भागांत दोन आवाज, हेही नाही, त्यामुळे ऑर्केस्ट्रात डाव्या हाताला बेस नि उजव्याला पियानो हवा असेल तर डीएक्स७-टू बघा. त्याचा आवाज जास्त स्वच्छ आहे, पहिल्यात मागे थोडी खरखर असते, मला ती आवडते. डीएक्स नाव दिसलं म्हणून डीएक्स२१ मात्र उचलू नका, त्यात ४च ऑपरेटर, एका वेळी ८ नोटा आणि त्याच्या कीजना हाताचा जोर कळतच नाही.

रोलँड डी-५० (१९८७) मध्ये आवाजाची सुरुवात छोट्या सँपलने करता येते, पुढचं सगळं सिंथचं, रिव्हर्ब आणि कोरस (आवाज जाड, पसरट करणारा इफेक्ट) आतच. पॅड, म्हणजे गाण्यामागे लांब पसरणारे सूर, हवेत तर हाच. कोर्ग एम१ (१९८८) सँपलवर चालतो, वाजवलेलं साठवून परत वाजवणारा ८ ट्रॅकचा सिक्वेन्सर आहे, एकट्याने अख्खं गाणं बसवता येतं, फक्त आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरला रेझोनन्स (ती धार टोकदार करायची सोय) नाही.

डीएक्स७ डोक्यात असेल तर कंप्युटरवर डेक्स्ड नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, डीएक्स७चे पॅच (साठवलेले आवाज) त्यात चालतात, आठवडाभर वाजवून बघा.

आता प्रत्यक्ष पीस. पहिल्यांदा मागची व्होल्टेजची पट्टी वाचा, जपानच्या बाजारातला पीस १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३०ला थेट लावला तर गेलाच, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच धरा. मग बॅटरी. आत सीआर२०३२ असते, ती संपली की साठवलेले आवाज उडतात आणि विकणाऱ्याला वाटतं बोर्ड गेलं. डीएक्स७ आणि एम१मध्ये ती सोल्डर केलेली असते, बदलून घ्या आणि मिडीवरून (सिंथ कंप्युटरला जोडायची केबल) आवाज परत भरा, बॅटरी जिवंत असेल तर आधी सिसेक्स बॅकअप, म्हणजे त्याच मिडीवरून सगळ्या आवाजांची प्रत, घ्या. एम१ची स्क्रीन अंधारात पण बघा, बॅकलाइट मंद झालेली असते.

आणि कीज. सगळ्या ६१, एकदा हळू एकदा जोरात, हेडफोन लावून. आपल्याकडे ठाण्याला खाडीची दमट हवा, वर चार महिने पाऊस, कीजखालचे कॉन्टॅक्ट खराब व्हायला वेळ लागत नाही. मी ऐरोलीत एक पीस घाईत १० मिनिटांत बघून घेतला आणि ठाण्याला घरी आल्यावर कळलं की दोन कीज कितीही हळू दाबल्या तरी फुल जोरात वाजतात, मग सगळं खोलून साफ करण्यात दोन रविवार गेले.

डीएक्स७ १४ किलोच्या आसपास भरतो, ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत तो उभा धरून आणू नका, रिक्षा करा, सीटवर आडवा ठेवा, आणि जूनमध्ये जात असाल तर जाड प्लास्टिक घरूनच न्या.