शरीराचे कार्य समजून घेताना या चुका टाळा

मानवी शरीराविषयीचे बरेचसे गैरसमज एका सवयीतून निर्माण होतात. आपण प्रत्येक अवयवाला एकच काम नेमून देतो, आकृती पाठ करतो आणि तेथेच थांबतो. अवयवात काय येते, त्यातून काय बाहेर पडते आणि ते कशाच्या जोरावर पुढे सरकते, हे विचारले की यांतील पुष्कळ चुका आपोआप उघड्या पडतात.

सर्वांत चिवट चूक रक्ताभिसरणाची आहे. धमन्यांत शुद्ध रक्त असते आणि शिरांत अशुद्ध, असे पाठ केलेला विद्यार्थी फुप्फुस धमनीपाशी हमखास अडखळतो, कारण ती ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुप्फुसांकडे नेते, तर फुप्फुस शिरा ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडे आणतात. धमनी आणि शिरा यांतील भेद दिशेवर ठरतो: हृदयापासून दूर नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शिरा. शिवाय ‘अशुद्ध’ म्हटलेल्या रक्तातही ऑक्सिजन असतोच. विश्रांतीच्या वेळी हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारे प्रथिन, सुमारे ७५ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते आणि व्यायामाच्या वेळी स्नायू या शिलकीतून अधिक ऑक्सिजन उचलतात. ते रक्त निळेही नसते, गडद लाल असते. त्वचेतून प्रकाश ज्या रीतीने परततो त्यामुळे शिरा निळसर भासतात. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले, तेव्हा त्यांच्या युक्तिवादाचा मोठा आधार साधा हिशोब होता: हृदय जेवढे रक्त ढकलते तेवढे अन्नापासून सतत नव्याने तयार होणे शक्य नाही, म्हणून तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. आजच्या आकड्यांत सांगायचे तर विश्रांत अवस्थेतील प्रौढाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते आणि शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते.

श्वसनात दोन चुका आढळतात. फुप्फुसे स्वतः फुगत नाहीत. श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूंचा पडदा) आणि बरगड्यांमधील स्नायू छातीची पोकळी मोठी करतात, आतील दाब घटतो आणि हवा आत शिरते. दुसरी चूक प्राणावर बेतू शकते. श्वास रोखल्यावर होणारी तगमग मुख्यतः ऑक्सिजन संपल्यामुळे होत नाही, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे होते. पाण्याखाली अधिक वेळ राहता यावे म्हणून जो आधी भराभर खोल श्वास घेतो, तो ऑक्सिजनचा साठा फारसा वाढवत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटवतो, आणि त्यामुळे धोक्याची जाणीव होण्याआधीच त्याची शुद्ध हरपू शकते. पोहायला शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे आवर्जून सांगायला हवे.

मूत्रपिंडे केवळ घाण गाळून काढतात, ही समजूत तर वस्तुस्थितीच्या जवळजवळ उलट आहे. ती दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात पाणी, ग्लुकोज, क्षार असे उपयुक्त पदार्थही उतरतात आणि त्यांतील बहुतांश नंतर परत शोषून घेतले जातात. शेवटी लघवी उरते ती दीड लिटरच्या आसपास. त्यामुळे नेफ्रॉनचे, म्हणजे मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण-एककाचे, कार्य लिहिताना गाळणे एवढेच लिहून पुनर्शोषण वगळले, तर उत्तराचा गाभाच हरवतो.

पचनाविषयी थोडक्यात एवढे पुरे, की अन्नाचे पचन आणि शोषण प्रामुख्याने लहान आतड्यात होते, जठरात नव्हे. आणि पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ते फक्त साठवून दाट करते.

शेवटची चूक रोजच्या व्यवहारातली आहे: जेथे दुखते तेथलाच अवयव बिघडला, असे मानणे. आतील अवयवांकडून आणि त्वचेकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात एकत्र येतात, त्यामुळे मेंदूला वेदनेचे मूळ स्थान नेमके ओळखता येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यातील वेदना डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते. म्हणून छातीत दाब, घाम आणि धाप यांसह पोटाच्या वरच्या भागात दुखू लागले, तर ती आम्लपित्ताची जळजळ समजून औषध घेऊन वाट पाहत बसू नये. ताबडतोब तातडीची वैद्यकीय मदत बोलवावी.